वाचकांचे प्रश्न : हौशी रेडिओत हवेतली जागा किती घ्यावी?

गेल्या दोन महिन्यांत हौशी रेडिओविषयी, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संवाद साधण्याच्या, सर्रास ज्याला हॅम रेडिओ म्हटले जाते त्या प्रकाराविषयी, बरीच पत्रे आली. पत्रे निरनिराळ्या गावांची असली तरी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. आपल्या प्रक्षेपणाने हवेत, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, किती रुंदीची जागा व्यापावी, आणि त्या जागेवरून दुसऱ्याशी खटका उडाला तर काय करावे, असे ते विचारतात. म्हणून या वेळी केवळ त्याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि हौशी रेडिओची परीक्षा नुकताच उत्तीर्ण झालो आहे. अभ्यासात ‘आवश्यक बँडविड्थ’ हा शब्द वारंवार येतो, परंतु ती नेमकी किती किलोहर्ट्झ याचा एक आकडा मला कुठेच सापडला नाही. आकडाच नसेल, तर नियम पाळला की मोडला हे ठरवायचे कसे? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : एक आकडा सापडला नाही याचे कारण तो एक असूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार आवश्यक बँडविड्थ म्हणजे, प्रक्षेपणाचा प्रकार ठरल्यावर, हवा तो वेग आणि हवा तो दर्जा राखून माहिती पोचवायला जेमतेम पुरेल एवढी रुंदी. या व्याख्येतला ‘जेमतेम’ मनात पक्का करावा, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाने पाठवलेल्या मोर्स संदेशाला साधारण १०० हर्ट्झ पुरतात. एफटी८ या संगणकीय पद्धतीचा एक संदेश ५० हर्ट्झमध्ये मावतो. सिंगल साइडबँड पद्धतीने, म्हणजे आवाजाची एकच बाजू पाठवून, बोलायचे तर २.४ ते २.८ किलोहर्ट्झ लागतात. तेच बोलणे जुन्या एएम पद्धतीने केले की दोन्ही बाजू धरून सुमारे ६ किलोहर्ट्झ जातात. एफएममध्ये ५ किलोहर्ट्झ विचलन (आवाजाने लहर मधल्या फ्रिक्वेन्सीपासून जास्तीत जास्त सरकते ते अंतर) आणि ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरला, तर दोहोंची बेरीज करून दुप्पट करायची, म्हणजे १६ किलोहर्ट्झ होतात. हौशींना दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याला बँड म्हणतात आणि त्याचे नाव लहरीच्या लांबीवरून पडते. म्हणूनच २ मीटर बँडवर सहज चालणारी एफएम ४० मीटर बँडवर लावणे हा मोठाच अन्याय ठरतो. भारतात तो बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा २०० किलोहर्ट्झ आहे. त्यातलाही वरचा अर्धा भाग पूर्वी लघुलहरी प्रसारण केंद्रांच्या ताब्यात होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरल्याप्रमाणे ती केंद्रे २९ मार्च २००९ पर्यंत तेथून हलली, तेव्हा कुठे तो मोकळा झाला.

नव्या परवानाधारकाकडून पहिली चूक होते ती बँडच्या कडेला. सिंगल साइडबँडमध्ये रेडिओच्या पडद्यावर दिसणारा आकडा दाबून टाकलेल्या वाहक लहरीचा, म्हणजे जिच्यावर आवाज चढवतात त्या मूळ लहरीचा, असतो आणि आपला आवाज त्या आकड्याच्या एका बाजूला पसरलेला असतो. २० मीटर बँड १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो. तेथे वरची बाजू वापरतात, त्यामुळे पडद्यावर १४.३४९ दिसत असताना आपण बोललो, तर आवाज १४.३५१ च्याही पलीकडे जातो, आणि आपण बँडमध्येच आहोत अशा समजुतीत परवान्याबाहेर प्रक्षेपण होते. ४० मीटरवर खालची बाजू वापरतात, म्हणून तीच चूक खालच्या कडेला होते. पडद्यावर ७.००१ असेल, तर आवाजाचा मोठा भाग ७.००० च्या खाली उतरलेला असतो. कडेपासून ३ किलोहर्ट्झ आत राहावे, म्हणजे ही चूक होत नाही.

दुसरी चूक अधिक सर्वत्र आढळते आणि मला तीच अधिक खुपते. ती म्हणजे मायक्रोफोनचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, चढवून ठेवणे. समजा, आपल्या आवाजात एका क्षणी ७०० आणि १९०० हर्ट्झ असे दोन सूर आहेत. रेडिओतला फिल्टर साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढेच पुढे सोडतो, म्हणजे येथवर सगळे ठीक आहे. पण त्यापुढचा प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) त्याच्या ताकदीबाहेर ताणला, की हे दोन सूर एकमेकांत मिसळून नवे सूर जन्माला येतात. एका सुराच्या दुपटीतून दुसरा वजा केला की एका बाजूला ३१०० हर्ट्झ आणि दुसऱ्या बाजूला उणे ५००, म्हणजे वाहक लहरीच्या चक्क पलीकडे ५०० हर्ट्झ. त्याच्या पुढच्या पायरीला ४३०० आणि उणे १७०० येतात. २.४ किलोहर्ट्झची जागा घेणारे बोलणे अशा रीतीने ६ किलोहर्ट्झ रुंद होते. हे सूर फिल्टरच्या नंतर तयार झालेले असल्यामुळे रेडिओतला कोणताही फिल्टर त्यांना अडवत नाही. प्रवर्धक ताणाच्या सीमेवर असताना इनपुट १ डेसिबलने वाढवले, की पहिल्या पायरीचा हा कचरा ३ डेसिबलने वाढतो. उलट शक्ती दुप्पट करून ऐकणाऱ्याच्या मीटरवर मिळते काय, तर अर्धा एस-अंक (संदेशाचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरची पायरी). एवढ्याशा लाभासाठी शेजारच्या दोन संभाषणांवर पाणी ओतायचे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. एएलसीचा (शक्ती आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा बोलताना नेमून दिलेल्या पट्ट्यात राहील इतपतच गेन ठेवावा. मोर्समध्येही हेच घडते. कळ दाबताना लहर एकदम चढली आणि एकदम तुटली, तर प्रत्येक टिंबागणिक ‘टक्’ असा आवाज दूरवर पसरतो. चढउताराला ५ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ दिला की तो नाहीसा होतो.

आता पाळला की मोडला, हे कसे ठरवायचे? आंतरराष्ट्रीय नियमावलीत ‘व्यापलेली बँडविड्थ’ अशी वेगळी व्याख्या आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर जाणारी शक्ती एकूण शक्तीच्या प्रत्येकी ०.५ टक्का असते, म्हणजे ९९ टक्के शक्ती आत राहते. अमेरिकेच्या नियमांत मोजमाप निराळे आहे. तेथे सरासरी शक्ती २६ डेसिबलने, म्हणजे सुमारे ४०० पटींनी उतरते ती कड धरतात. मात्र ही कड कागदावरची आहे, कानाची नव्हे. समोरच्याकडे आपला संदेश एस ९ च्या वर ४० डेसिबल पोचत असेल, तर २६ डेसिबल उतरूनही आपली कड त्याच्याकडे एस ९ च्या वर १४ डेसिबल असते, आणि तेवढ्यात कुणाचे तरी क्षीण संभाषण बुडून जाते. आपल्या बाजूला कोणी दुबळ्या संदेशाशी झगडत असेल, तर नियमात बसत असूनही थोडे सरकावे, असे मी म्हणेन.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी परवानगी घेऊन डायपोल अँटेना लावली आहे. मी बोलू लागलो की खालच्या मजल्यावरच्या टीव्हीच्या साउंडबारमधून घोगरे, अगम्य शब्द ऐकू येतात. समितीने अँटेना उतरवण्याची नोटीस दिली आहे. माझ्याकडे परवाना आहे आणि माझा रेडिओ कंपनीचा, न उघडलेला आहे. दोष कोणाचा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष कोणाचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की व्यत्यय कोणत्या वाटेने येतो आहे. त्याच्या वाटा मुख्यतः दोन.

एका वाटेत आपला रेडिओ नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीखेरीज तिच्या दुप्पट, तिप्पट पटींवरही थोडे काही सोडत असतो आणि ते नेमके दुसऱ्याच्या कामाच्या फ्रिक्वेन्सीवर पडते. उदाहरणार्थ, १४५ मेगाहर्ट्झची तिप्पट ४३५ होते आणि ५० ची दुप्पट १००, म्हणजे घराघरांतल्या एफएम रेडिओच्या मधोमध. हा दोष निखालस आपला. तो लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे सगळे अडवणारा) लावून आपल्याच टेबलावर दूर करायचा असतो, आणि तो दूर होईपर्यंत प्रक्षेपण बंद ठेवायचे असते.

दुसऱ्या वाटेत आपले प्रक्षेपण स्वच्छ असते, पण ते इतके जवळ आणि इतके जोरदार असते की ज्या उपकरणाचा रेडिओशी काही संबंध नाही तेही ते पकडते. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मला ही दुसरी वाट वाटते. साउंडबारला कोणतीही फ्रिक्वेन्सी ऐकायची नसते. त्याची वायर अँटेनासारखी वागते, आतला ट्रान्झिस्टर नकळत डिटेक्टरचे, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढण्याचे, काम करतो, आणि सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर नसल्यामुळे शब्द न कळता घोगरेपणा तेवढा उरतो. २० मीटर बँडची पाव लहर ५ मीटरची आणि ४० मीटर बँडची १० मीटरची असते, आणि फ्लॅटमधल्या केबल बहुधा याच लांबीच्या असतात. साध्या डायपोलमधून १०० वॉट सोडले, तर समोर १० मीटरवर दर मीटरला सुमारे ७ व्होल्टचे क्षेत्र तयार होते. शक्ती २५ वॉटवर आणली की ते निम्मे होते. अँटेना तेवढ्याच शक्तीत दुप्पट दूर नेली तरी निम्मेच होते. म्हणून भांडणापूर्वी उंची आणि अंतर यांचा विचार करावा.

याबाबतचा माझा एक अनुभव सविस्तर सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. एका सायंकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या. त्यांच्या हातात देवघरातला, प्लगला लावला की मंत्र म्हणणारा छोटा प्लॅस्टिकचा डबा होता. “अरे, दिवेलागणीला देवापाशी बसले की यातून तू बोलतोस,” त्या म्हणाल्या. त्यांच्या सुरात राग नव्हता, त्यांची पूजा मोडत होती एवढेच. मी आधी माझ्या घरातला टीव्ही आणि एफएम रेडिओ लावून पाहिले. दोन्ही स्वच्छ होते, त्यामुळे माझे काही चुकत नाही अशी माझी खात्रीच झाली. मग अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोध) जोडून, त्यांच्या नातवाला खाली डब्यापाशी उभे करून बोललो. डबा शांत राहिला. अर्थात, घरातल्या विजेच्या तारांतून काही जात नव्हते, जे जात होते ते अँटेनाकडूनच. मग गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा कळले की अँटेनाच्या मध्याशी मी चोक (केबलच्या आवरणावरून जाणारा प्रवाह अडवणारे वेढे) बसवलेलाच नव्हता. त्यामुळे रेडिओपासून अँटेनाकडे जाणाऱ्या कोअॅक्स केबलचे बाहेरचे आवरणही प्रक्षेपण करत होते, आणि ती केबल नेमकी आजींच्या देवघराच्या खिडकीला घासून खाली उतरत होती. चूक माझी होती. मध्याशी केबलचे वेढे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या रिंगवर घेतले आणि आजींच्या डब्याची वायरही जुन्या मॉनिटरच्या केबलवरून काढलेल्या रिंगमधून आठ वेळा ओवून दिली. पुन्हा माझा आवाज त्यातून आला नाही.

आपणही हाच क्रम धरावा. प्रथम आपल्या घरातली उपकरणे तपासावीत, मग डमी लोड, मग अँटेनाचा चोक, आणि शेवटी शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या साउंडबारच्या वायरीवर फेराइट. बाजारात मिळणारी खटक्याची फेराइट क्लिप वायरीवर एकदाच चढवली, तर लघुलहरींवर तिचा उपयोग फार थोडा होतो. वेढ्यांची संख्या दुप्पट केली की अडथळा जवळजवळ चौपट होतो, म्हणून मोठ्या रिंगवर सात-आठ वेढे घ्यावेत, आणि ते साउंडबारच्या अगदी जवळ घ्यावेत. लघुलहरींसाठी ‘३१’ क्रमांकाच्या मिश्रणाची रिंग मागावी.

अनेक उपकरणांच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते की या उपकरणाने अपायकारक व्यत्यय आणू नये आणि येणारा व्यत्यय सोसावा. ते वाक्य अमेरिकी नियमांमधले आहे. ते समितीसमोर फडकावून काही साधणार नाही. समितीला कायद्यापेक्षा शांत झालेला साउंडबार लवकर पटतो. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत शक्ती कमी ठेवावी आणि मालिकांच्या वेळा टाळाव्यात.

प्रश्न : शेजाऱ्यांनी छतावर सौर पॅनेल बसवल्यापासून ७ मेगाहर्ट्झवर दिवसभर एस ९ एवढी खरखर असते. रात्री ती जाते. शिवाय आमच्या रस्त्यावर उन्हाळ्यात वेगळीच गुणगुण ऐकू येते, ती पाऊस पडला की थांबते. माझ्यावर होणाऱ्या व्यत्ययाला कोणी वाली आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण दोन्ही निरीक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळजवळ झालेलेच आहे. तरीही शेजाऱ्यांकडे जाण्याआधी एक काम करावे. रेडिओ बॅटरीवर चालवून आपल्या घरातला मुख्य स्विच बंद करावा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा खरखर आपल्याच घरातली निघते. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा स्वस्त चार्जर, सेटटॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टरचा चार्जर, यांतले काहीही असू शकते. एकेक एमसीबी चढवत जावे म्हणजे अपराधी सापडतो. या उपकरणांची एक ओळखण्याजोगी खूण आहे. समजा, चार्जर ६५ किलोहर्ट्झने आतला स्विच उघडझाप करत असेल, तर त्याच्या पटींवर, म्हणजे ७.०२०, ७.०८५ आणि ७.१५० मेगाहर्ट्झवर, समान अंतराने खरखरीचे ढीग दिसतात आणि उपकरण तापले की ते हळूहळू सरकतात.

सौर यंत्रणेत दोष बहुधा इन्व्हर्टरचा किंवा पॅनेलमागच्या ऑप्टिमायझरचा असतो आणि छतावर पसरलेल्या डीसी तारा त्याची अँटेना बनतात. धन आणि ऋण तार एकमेकींना लगटून नेणे आणि दोन्ही मिळून फेराइटवर वेढणे, याने पुष्कळ फरक पडतो. बसवणाऱ्या कंत्राटदाराला बोलावून, शेजाऱ्यांच्या उपस्थितीत रेडिओवरची खरखर प्रत्यक्ष ऐकवावी. इन्व्हर्टर बंद करताच ती थांबते हे त्यांनी स्वतः ऐकले, की वाद उरत नाही.

उन्हाळ्यात येणारी आणि पावसाने जाणारी गुणगुण विजेच्या खांबावरची. सैल झालेल्या जोडणीत किंवा इन्सुलेटरवर ठिणगी पडते. वीजप्रवाहाच्या प्रत्येक अर्धलहरीला ती पडत असल्यामुळे ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची गुणगुण येते, आणि ओल आली की ती फट भरून जाते. खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ हातात घेऊन रस्त्याने चालावे, आवाज जिथे सर्वांत मोठा येईल त्या खांबाचा क्रमांक टिपून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. खांबाला स्वतः हात लावू नये, काठीनेही ठोकू नये. कायद्याचे म्हणाल, तर ज्या बँडमध्ये हौशी सेवा दुय्यम आहे तेथे प्राथमिक सेवेकडून, म्हणजे त्या बँडवर पहिला हक्क असलेल्या सेवेकडून, होणारा व्यत्यय सोसणे भाग असते. पण हे संरक्षण प्राथमिक सेवेला आहे, चार्जरला आणि खांबाला नाही.

प्रश्न : सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीत) मी अनवधानाने बोललो, तर मला सुनावण्यात आले की ही फ्रिक्वेन्सी वीस वर्षे त्यांची आहे. खरोखर कोणाची फ्रिक्वेन्सी असते का? मी तर आधी ऐकून पाहिले होते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : हौशी बँडमध्ये कोणतीही फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते. अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट शब्दांत आहे, आणि जगभरच्या हौशी मंडळींची रीतही तीच आहे. मात्र आधीपासून चालू असलेल्या संभाषणाला त्या वेळेपुरता मान असतो, आणि तो आपण द्यायला हवा होता. नुसते ऐकणे पुरेसे का होत नाही, हे समजून घ्यावे. २० मीटरवरच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन दूर उतरतात आणि मधला काही शे किलोमीटरचा पट्टा कोरडा राहतो. नागपूरचे स्टेशन नाशिकला अजिबात ऐकू येत नसेल, पण कोलकात्यात दोघेही स्वच्छ ऐकू येत असतील. आपल्याला शांतता ऐकू येते, कोलकात्याचा श्रोता मात्र दोन आवाजांच्या कात्रीत सापडतो. म्हणून ऐकल्यावर ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असे आपले संकेतनाम सांगून दोनदा विचारावे आणि थांबावे. उत्तर त्या ऐकू न येणाऱ्या नागपूरकराकडून नव्हे, तर कोलकात्याहून येईल.

काही जागा मात्र, मालकी नसली तरी, सोडूनच द्यायच्या असतात. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात ७.११० आणि जगभर १४.३०० मेगाहर्ट्झ आपत्कालीन संपर्कासाठी ठरलेल्या आहेत. १४.१०० वर काहीच बोलू नये. तेथे जगभरातील १८ बीकन (ठरावीक खुणेचे संदेश पाठवणारी) स्टेशने प्रत्येकी १० सेकंद, अशा तीन मिनिटांच्या फेऱ्या अहोरात्र चालवतात. आपल्याला सर्वांत जवळचे श्रीलंकेचे. प्रत्येक स्टेशन संकेतनामानंतर चार लांब सूर पाठवते: पहिला १०० वॉटचा, मग १०, मग १, आणि शेवटचा एक दशांश वॉटचा. तो शेवटचा सूर हजारो किलोमीटरवरून कानाला लागला, की वातावरण किती खुले आहे ते कळते. विजेरीच्या बल्बपेक्षाही मंद अशा त्या सुरावर कोणी १०० वॉटने ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. तसेच १४.०७४ पासून वरच्या ३ किलोहर्ट्झमध्ये एफटी८ ची पन्नास-पन्नास हर्ट्झची डझनावारी संभाषणे दाटीने चालू असतात. तेथे बोलणे सुरू करणारा एकटा सगळ्यांना पुसून टाकतो.

प्रश्न : मी येथे अमेरिकेत परवाना घेतलेला आहे. २०२४ मध्ये आमच्याकडे डेटा पाठवण्यावरची ३०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ३०० बदलांची, मर्यादा गेली आणि २.८ किलोहर्ट्झ रुंदीची आली. काही जुने हॅम म्हणतात की आता मोर्सचा बँड संपला. त्यांची भीती खरी आहे का? सुटीत भारतात येईन तेव्हा हाच नियम लागू असेल का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. भारतात भारताचे नियम चालतात. केवळ अमेरिकी परवान्यावर येथे प्रक्षेपण करता येत नाही, दूरसंचार विभागाची परवानगी आधी मिळवावी लागते.

आता मूळ मुद्दा. ३०० बॉडची मर्यादा १९८० मधली, म्हणजे संगणकी अक्षरसंच हौशी बँडवर नुकता येऊ लागला तेव्हाची. त्या काळी दोन सुरांची अदलाबदल करून माहिती पाठवत. सेकंदाला जितक्या वेळा सूर बदलायचा, तितका संदेश रुंद होत जाई, त्यामुळे वेग बांधला की रुंदीही आपोआप बांधली जाई. पुढे एका बदलात अनेक बिट बसवण्याच्या आणि अनेक सूर एकाच वेळी पाठवण्याच्या पद्धती आल्या आणि ते नाते तुटले. मग अशी विचित्र अवस्था झाली की ३०० बॉडच्या आत राहून, सुरांची संख्या वाढवत, कोणी हवा तेवढा रुंद संदेश पाठवला तर चालत होते. उलट पॅक्टर-४ ही पद्धत अवघ्या २.४ किलोहर्ट्झमध्ये मावत असूनही १८०० बॉडची, म्हणून बेकायदा होती. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केले, तेव्हा मदतीचे संदेश पाठवण्यासाठी याच पद्धतीला तात्पुरती सूट द्यावी लागली. जो नियम संकटाच्या वेळी बाजूला ठेवावा लागतो, तो मुळात चुकीची गोष्ट मोजत होता असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी हौशी संघटनेने २०१३ मध्ये मागितलेला बदल नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला आणि ८ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आता लघुलहरींवरच्या डेटा प्रक्षेपणाला वेगाची नव्हे, रुंदीची मर्यादा आहे. शेजाऱ्याला त्रास रुंदीचाच होतो, म्हणून मोजायची ती तीच.

जुन्या मंडळींची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. २.८ किलोहर्ट्झच्या जागेत मोर्सची निदान दहा-वीस संभाषणे सुखाने चालतात, आणि कोणी नसताना आपोआप उत्तर देणारे डेटा स्टेशन आधी ऐकून घेतेच असे नाही. त्यावर उपाय जुनी मर्यादा परत आणण्याचा नाही. गरजेपेक्षा अधिक रुंदी घेऊ नये हा नियम तेथे आजही कायम आहे, आणि २.८ हा त्यावरचा माथा आहे, हक्काचा वाटा नव्हे. पानभर मजकूर ५०० हर्ट्झमध्ये निवांत पोचत असेल, तर २.८ किलोहर्ट्झ घेणारा नियमाच्या शब्दात बसेल, पण त्या ‘गरजेपुरते’मध्ये बसणार नाही.

प्रश्न : उपग्रहाद्वारे बोलताना एकाच ट्रान्सपॉन्डरमधून (आलेले संदेश वाढवून परत खाली पाठवणाऱ्या यंत्रातून) अनेक जण बोलतात. तेथे भांडणे कशी होत नाहीत? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तेथे रुंदीबरोबर शक्तीही वाटून घ्यावी लागते. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या ‘हॅमसॅट’ने २०१४ पर्यंत सेवा दिली. त्याच्यासारख्या उपग्रहात थोड्याच वॉटांत सगळ्यांना खेळवायचे असते. एकाने जोर लावला की उपग्रहाचा प्रवर्धक स्वतःला आवरतो आणि बाकी सगळे एकदम खाली बसतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या भूस्थिर उपग्रहावर, ज्याच्या छायेत सबंध भारत येतो, यावर एक उपाय केलेला आहे. तेथे कोणीही बीकनपेक्षा जोरात ऐकू येता कामा नये, आणि अरुंद भागात एफएम वापरायचेच नाही. कोणी मर्यादा ओलांडली, तर ‘लैला’ नावाची यंत्रणा त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर भोंग्यासारखा आवाज वाजवते. स्वतःचा परतीचा आवाज ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो आणि तो शक्ती उतरवतो.

प्रश्न : आमच्या संध्याकाळच्या नेटवर कोणीतरी मुद्दाम शिट्टी सोडतो. तक्रार कुठे करावी? — एक वाचक, वर्धा

उत्तर : मुद्दाम व्यत्यय आणणे सर्वत्र गुन्हाच आहे, पण आधी ते मुद्दाम आहे का ते पाहावे. दहा-पंधरा सेकंद टिकणारी, किंचित खालीवर होणारी आणि मग थांबणारी शिट्टी बहुधा कोणाच्या तरी अँटेना ट्यूनरची (अँटेना रेडिओशी जुळवणाऱ्या उपकरणाची) असते. त्याला आपण ऐकूच येत नसतो. नेटच्या सुरुवातीला शांतपणे एवढेच सांगावे की ट्यूनिंग डमी लोडवर किंवा थोडे बाजूला सरकून, कमी शक्तीवर करावे. अनेकदा शिट्टी दुसऱ्या दिवसापासून थांबते.

ती रोज, बोलणाऱ्याच्या शब्दावरच येत असेल, तर हवेत तिचा एका शब्दानेही उल्लेख करू नये, कारण त्याला तेवढेच हवे असते. तारीख, भारतीय प्रमाणवेळ, फ्रिक्वेन्सी आणि मीटरचे वाचन लॉगबुकात लिहावे, ध्वनिमुद्रण ठेवावे, आणि निरनिराळ्या गावांच्या तिघांनी एकाच वेळी अँटेना फिरवून दिशा टिपावी. तीन रेषा नकाशावर जिथे छेदतील तो भाग लाल पेन्सिलीने दाखवून सगळे कागद दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेकडे लेखी पाठवावेत. देशभरच्या लहरींवर लक्ष ठेवणारी संघटना याच विभागाच्या अखत्यारीत आहे, आणि तिला काम सुरू करायला तारीख, वेळ आणि दिशा या तीनच गोष्टी लागतात. संशयिताचे नाव मात्र, ते आपल्याला ठाऊक आहे असे वाटत असले तरी, त्या पत्रात लिहू नये.